फुटबॉलचे शूज आठवतात, मग जलसुरक्षाची वही का नाही?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, अगदी शेवटच्या ताजा कलमापर्यंत. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईने लिहिलंय, मुलगा नववीत, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. डोकं चांगलं आहे, तोंडी विचारलं तर फटाफट सांगतो, पण वही घरी राहते, कंपास शाळेत राहते, होमवर्क आहे हे रात्री जेवताना आठवतं, प्रोजेक्टला चार्टपेपर पाहिजे हे आदल्या रात्री साडेनऊला कळतं अन मग बाबा बुटीबोरीहून थकून आलेले असतात तरी गाडी काढून उघडं दुकान शोधत फिरतात. पहिल्या घटक चाचणीत गणिताचा अर्धा पेपर कोरा, कारण पठ्ठ्या दुसऱ्याच प्रश्नात अडकून बसला. टीचर म्हणतात केअरलेस, बाबा म्हणतात आळशी आहे, फुटबॉल बंद करा, आजी म्हणते लाडावून ठेवला. अन ताई विचारतात की दहावीत याचं कसं होणार, अजून एक ट्यूशन लावू का, आणि पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ आवरत नाही असा त्रास) म्हणालं तर डॉक्टरला दाखवू का.

पहिले हे आळशीपणाचं बाजूला काढू. तुम्ही एक ओळ तक्रार म्हणून लिहिली आहे पण माझ्या मते पूर्ण पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. "फुटबॉलचे शूज, शिनगार्ड, पाण्याची बॉटल कधीच विसरत नाही, रेशीमबागला पाचला म्हणजे पाचला हजर राहते, मग अभ्यासाचंच कसं विसरते हा?"

कसं विसरतो ते बघा ना. फुटबॉलची बॅग दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, तुम्हीच लिहिलंय. वेळ ठरलेली, दिवस ठरलेले, खालून मित्र हाक मारतो, शूज नसले तर कोच त्याच मिनिटाला बाहेर बसवणार हे माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे जायची इच्छा आहे. आता जलसुरक्षा या विषयाची वही घ्या. शेवटच्या तासाला बेल वाजता वाजता टीचर तोंडी सांगतात, द्यायची दहा दिवसांनी, घरात तिची ठरलेली जागा नाही, कधी सोफ्यावर कधी पलंगाखाली, रोज कोणी विचारत नाही अन मधल्या नऊ दिवसांत नाही केली तरी काहीच होत नाही. म्हणजे पोरगा तोच, डोकं तेच, एका कामाला बाहेरून सगळा आधार लावलेला आहे अन दुसऱ्या कामाला काहीच नाही. इच्छेचा भाग आहेच, मी नाही म्हणत नाही, पण इच्छा तुम्ही त्याच्या डोक्यात घालू शकत नाही. खिळा मात्र भिंतीत ठोकू शकता.

या सगळ्याला मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. कॅनडात काम करणाऱ्या एडेल डायमंड या संशोधिकेने २०१३ मध्ये या विषयाचा मोठा आढावा लिहिला, त्यात मुळाशी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. एखादी गोष्ट डोक्यात धरून तिच्यावर काम करणं, स्वतःला थांबवणं, आणि जमत नसेल तर रस्ता बदलणं. प्लॅनिंग, वेळेचा अंदाज, काम संपवणं हे सगळं या तिघांवर उभं राहतं. तुमच्या मुलाचं पाहा, होमवर्क डोक्यात टिकत नाही हे पहिलं, रील बघत बसला की उठवत नाही हे दुसरं, अन गणितात एका प्रश्नाला धरून बसला, सोडून पुढे गेलाच नाही, हे तिसरं. मेंदूचा जो भाग हे सांभाळतो तो कपाळामागे असतो अन तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणजे चौदाव्या वर्षी हे अर्धकच्चं असणं नॉर्मल आहे, फक्त कोणाचं थोडं आधी पिकतं कोणाचं उशिरा. आणि नववी दहावीत शाळा अचानक गृहीत धरून चालते की हे सगळ्यांना येतंच, इतिहास शिकवतात, भूमिती शिकवतात, पण दहा दिवसांचं काम दहा दिवसांत कसं वाटायचं हे कोणत्याच तासाला शिकवत नाहीत.

त्याच आढाव्यात अजून एक आहे जे तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. टेन्शन, कमी झोप, एकटेपणा, व्यायाम नसणं, याचा मार सगळ्यात आधी या क्षमतांवरच बसतो. म्हणजे सकाळी सकाळी ओरडा बसला की विसराळूपणा कमी होत नाही, वाढतो. ही काही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबत नाही की वर्षातून एकदा "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडलं अन आळस गावाबाहेर गेला.

आता तुमच्याबद्दल बोलते, राग मानू नका. तुमच्या पत्रात सकाळचं वर्णन आहे, "ऊठ, दात घास, डबा घेतला का, ओळखपत्र कुठे आहे, भूमितीची वही टाक, येताना आजीचं औषध आण", हे सगळं एका दमात, किचनमधून. मोठ्या माणसालाही डोक्यात एका वेळी तीन चार गोष्टीच नीट धरता येतात, तो तर अर्धा झोपेत आहे. शेवटचं आजीचं औषध आठवलं असेल त्याला फार तर. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आठवायचं काम तुम्ही करून राहिल्या, त्याला करायला काही उरतच नाही. वेळेवर आठवण करणारं माणूस घरात आहे तर तो कशाला डोक्याला ताण देईल? यात तुमचा दोष नाही, दोघंही नोकरीवाले, सकाळी घाई असते, प्रत्येक घरात हेच चालतं. पण दहावीपर्यंत हे काम तुमच्याकडून त्याच्याकडे गेलं पाहिजे, अन ते एकदम नाही, एकेक करून जातं.

म्हणून सुरुवात फक्त दप्तरापासून करा. बाकी काहीच नाही, होमवर्क नाही, मोबाईल नाही, फक्त दप्तर, महिनाभर. दप्तर रात्री भरायचं, जेवण झाल्यावर, सकाळी हात लावायचा नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवायचा अन त्यावर वाराप्रमाणे काय काय लागतं ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, तुम्ही छान प्रिंट काढून लावू नका, तुमची प्रिंट तो बघणार नाही. फुटबॉलच्या बॅगेशेजारीच अजून एक खिळा ठोका, तयार दप्तर तिथे. आणि तुम्ही "भूमितीची वही घेतली का" असं विचारायचंच नाही. फक्त "कागद बघितला?" एवढंच. फरक छोटा वाटतो पण पहिल्या प्रश्नात वही तुम्हाला आठवली, दुसऱ्यात त्याला आठवावी लागते. पंधरा वीस दिवसांनी तेही विचारणं कमी करा. रोज नीट होणार नाही, मधे दोन चार दिवस फसेल, शनिवारी शाळेची वेळ वेगळी असेल तर हमखास फसेल, तरी चालू ठेवा.

याच्यासोबत एक खिशात मावेल अशी छोटी डायरी, होमवर्क सांगितल्या सांगितल्या त्यात लिहायचं, घरी आल्यावर आठवून नाही. टीचरशी एकदा बोला, तक्रार म्हणून नाही, विनंती म्हणून, की शेवटच्या तासाला त्याने डायरी उघडली की नाही तेवढं महिनाभर बघाल का. बहुतेक टीचर तयार होतात, केअरलेस म्हणणारीच्या मनातही काळजी असतेच.

दप्तर बऱ्यापैकी बसलं की मग मोठ्या कामाकडे या. तुमच्या जलसुरक्षाच्या उपक्रमाचंच उदाहरण घेते, समजा रविवारी कळलं की पुढच्या बुधवारी द्यायचाय. त्याच्याजवळ बसा, पेन त्याच्या हातात, आणि फक्त विचारत राहा की यात काय काय करावं लागेल. तो म्हणेल "लिहायचं आहे, बस". मग विचारा, लिहायच्या आधी काय लागेल? हळूहळू निघतं सगळं. पुस्तकातला तो पाठ वाचायचा, घरात रोज किती बादल्या पाणी लागतं ते दोन तीन दिवस मोजायचं, आजीला विचारायचं की तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे, तक्ता काढायचा, चित्रं चिकटवायची, मग लिहायचं, मग सही घ्यायची. बादल्या मोजायला तीन दिवस लागणार म्हणजे हे काम मंगळवारी रात्री सुरू होऊच शकत नाही, हे त्याला तेव्हा दिसतं, तुम्ही सांगून दिसत नाही. आणि चार्टपेपर आणायचाय हेही तेव्हाच कळतं, सक्करदऱ्यातलं दुकान उघडं असताना.

मग प्रत्येक कामासमोर दोन रकाने, किती वेळ लागेल आणि खरंच किती लागला. तो लिहिण्यासमोर अर्धा तास टाकेल अन लागेल दीड तास. त्यावर "बघ, सांगितलं होतं ना" म्हणायचं नाही, प्लीज, तो रकाना पुन्हा भरणार नाही मग. हा अंदाज चुकणं फक्त पोरांचं नाही. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका कॅनडाच्या अभ्यासात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सगळंच उलटसुलट झालं तर किती लागतील हेही विचारलं होतं, तो अंदाजही ४९ च्या आसपासच होता. म्हणजे वाईटात वाईट धरूनही माणूस कमीच सांगतो. यावर उपाय एकच, मागच्या वेळी किती लागला होता ते कागदावर असणं, म्हणून तो दुसरा रकाना. चार पाच प्रोजेक्टनंतर पोरगा स्वतःच म्हणेल की तक्ता काढायला मला तासभर लागतो.

गणिताच्या पेपरचं वेगळं. तिथे त्याला पेपर येत नाही असं नाही, प्रश्न सोडता येत नाही. "अडकला की पुढे जा" हे तुम्ही शंभरदा सांगितलं असेल, पण परीक्षेच्या घबराटीत सांगितलेलं आठवत नाही, केलेलं आठवतं. बोर्डात गणिताचा एक भाग ४० मार्कांचा अन दोन तासांचा, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं पडतात. घरी रविवारी २० मार्कांचा पेपर द्या, समोर घड्याळ, आणि नियम असा की दोन मार्कांच्या प्रश्नात सहा मिनिटं झाली की बाजूला चांदणी काढायची अन पुढचा घ्यायचा, सगळा पेपर एकदा झाल्यावर चांदण्यांकडे परत. सुरुवातीला मार्क नका मोजू, चांदणी काढली का तेवढंच बघा. अर्धवट प्रश्न सोडून पुढे जाताना त्याच्या जिवावर येईल, तिथेच खरी प्रॅक्टिस आहे.

अभ्यासाला बसतच नाही, "बसतो ना थोड्या वेळाने" म्हणतो, असं लिहिलंय तुम्ही. थोड्या वेळाने ही वेळच नाही ना. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर खूप काम आहे, नुसतं "करीन" ठरवणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं की अमुक जागी हे करीन" असं ठरवणारे लोक काम खूप जास्त वेळा पूर्ण करतात. तर त्याला विचारा, कधी? तो म्हणाला संध्याकाळी, तर विचारा, कशाच्या नंतर? "फुटबॉलवरून आलो, आंघोळ झाली, पोहे खाल्ले की कूलरच्या खोलीतल्या टेबलावर गणिताची वही उघडीन", इतकं बारीक पाहिजे. आणि पहिलं काम अगदी छोटं, प्रश्नसंचाचं नाव अन तारीख टाकायची अन पहिलं गणित उतरवायचं, सोडवायचं पण नाही. एकदा उतरवलं की बहुतेक वेळा हात थांबत नाही. वीस पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटांची सुट्टी, ती मोबाईलशिवाय, मोबाईल घेतला की पाचाचे पन्नास होतात हे मोठ्यांचंही होतं.

मोबाईलचं लांबण लावत नाही. जप्त करू नका, पण अभ्यासाच्या वेळात तो दुसऱ्या खोलीत राहील, टेबलावर उलटा ठेवलेला नाही, दुसऱ्या खोलीत. आणि त्या तासाभरात तुमचे दोघांचेही तिथेच. वेळ बघायला भिंतीवरचं साधं काट्यांचं घड्याळ बरं, किती उरला ते डोळ्याला दिसतं.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे वही घरी राहिली तर तुम्ही ऑफिसमधून हाफ डे टाकून शाळेत नेऊन द्यायची की नाही. नाही द्यायची. त्या दिवशी त्याला उभं राहावं लागेल, रिमार्क मिळेल, तुम्हाला दिवसभर वाईट वाटेल, तरी नाही. पण सगळ्याच गोष्टी अशा सोडायच्या नाहीत. परीक्षेचा फॉर्म, फी, औषध, परीक्षेच्या दिवशीचं ओळखपत्र, यात तुम्ही मधे पडायचं, कारण तिथे चूक परत सुधारता येत नाही. आणि हे आधी सांगून ठेवा त्याला, शांत वेळी, "या महिन्यापासून वही मी आणून देणार नाही, दप्तर तुझं", नाहीतर त्याला वाटेल आई चिडली म्हणून आणून राहिली नाही. संध्याकाळी घरी आला की लेक्चर नको. फक्त, "मग उद्यासाठी काय करतो?"

ट्यूशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, अजून एक लावू नका. सध्या सकाळी शाळा, दुपारी एक ट्यूशन, फुटबॉल, त्यात रात्री आठची बॅच लावली तर त्याच्या दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असेल, मग तो स्वतः प्लॅनिंग कधी करेल, अन कशाचं? आपल्या नागपुरात पोरं नववीपासूनच तीन तीन क्लास करून राहिलीत, अकरावीत गेल्यावर क्लासवाल्याने दिलेलं शेड्यूल नसलं की त्यांना कळतच नाही काय उघडायचं. त्याच्या आठवड्यातले दोन तीन तास असे पाहिजेत जे पूर्ण त्याचे आहेत, त्यात तो चुकेल, वाया घालवेल, तो वेळ वाया जाऊ द्या.

आणि फुटबॉल अजिबात बंद करू नका. बाबांना सांगा की वेळेवर पोचणं, सामान सांभाळणं, कोचचं ऐकून मधेच खेळ बदलणं, हे सगळं तो तिथेच शिकून राहिला. शिक्षा म्हणून ते काढलं तर जिथे जमतं तेवढी एकच जागा जाईल.

झोपेचं मधेच राहून गेलं. तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, हे अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय, अन या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तुमचा मुलगा साडेअकराला झोपून साडेपाचला उठतो म्हणजे सहा तास. याच्यात कोणाचंच डोकं नीट चालणार नाही. दप्तर रात्री भरलेलं असलं तर सकाळची वीसेक मिनिटं तरी वाचतील, ती त्याला झोपू द्या.

राहिलं एडीएचडी. ग्रुपवरच्या कोणाच्या म्हणण्यावरून ठरवू नका, पण उडवूनही लावू नका. डॉक्टर साधारण हे बघतात की लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासून होती का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलीत का, आणि त्याने खरंच कामात अडथळा येतो का. फक्त नववीतच सुरू झालं असेल, पाचवी सहावीत सगळं ठीक होतं, तर आधी झोप, टेन्शन, शाळेत कोणी त्रास देऊन राहिलं का, डोळ्यांचा नंबर, हे तपासा. पण तिसरी चौथीपासून हेच चालू असेल तर दाखवाच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उपचार आहेत आणि त्याने फरक पडतो. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, एम्सला पण आहे, अन कुठे जावं हे कळत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे अन मराठीत बोलता येतं. सोबत वाचायला लिहायला खूपच जड जात असेल, अक्षरं उलटी होतात, चौदाव्या वर्षीही अडखळत वाचतो, तर ते वेगळं तपासावं लागतं. तशी अक्षमता निघाली तर बोर्ड परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती देतं, पण त्याला प्रमाणपत्र लागतं अन त्यात महिने जातात, म्हणून दहावीचे फॉर्म भरायची वाट बघू नका, दिवाळीच्या सुट्ट्यांतच सुरू करा.

जाताना तिसरी चौथीच्या जुन्या वह्या अन प्रगतीपुस्तकं माळ्यावर असतील तर काढून न्या, टीचरकडून दोन ओळी लिहून घ्या की वर्गात कसा असतो. आणि डॉक्टरांनी त्याला काही विचारलं तर उत्तर त्यालाच देऊ द्या, अडखळला तरी.